मोठी वीजकेंद्रे आणि आपला खानदेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळहून वरणगावकडे निघालं की दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात. लहानपणी बाहेरगावहून परतताना त्या दिसल्या की आम्ही पोरं ‘आलं घर’ म्हणून ओरडायचो. आता दीपनगरच्या आसपासची गावं, साक्री-शिंदखेड्याचा सौर पट्टा आणि तळोद्याच्या पुनर्वसन वसाहती इथं बैठकांसाठी जाणं होतं, आणि सगळीकडे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. काही जण फोन करतात, काही जण बिलाचा फोटो पाठवतात. ते प्रश्न उत्तरांसह इथं एकत्र केले आहेत. माझा विरोध विजेला नाही. मोठ्या केंद्राची वीज शेकडो किलोमीटर दूर जाते, राख, धूर, पाण्याची ओढ आणि गेलेली जमीन मात्र केंद्राभोवतीच्या गावांत राहते. हा भार किती, हे त्या गावांना आकड्यांत माहीत असलं पाहिजे.

१. मोठं वीजकेंद्र म्हणजे किती मोठं? खानदेशात अशी कोणती आहेत?

ठरलेली व्याख्या नाही. पर्यावरण परवानगीच्या नियमात कोळशावरची ५०० मेगावॉट आणि त्यापुढची केंद्रं वरच्या गटात येतात, तीच मोठी धरू. खानदेशातलं सर्वांत मोठं केंद्र दीपनगरचं, म्हणजे महानिर्मितीचं भुसावळ औष्णिक विद्युत केंद्र. १९६० च्या दशकात ते ६२.५ मेगावॉटच्या एका संचावर सुरू झालं. नंतर २१० मेगावॉटचे दोन संच आले, मग ५०० चे दोन, आणि अलीकडे ६६० मेगावॉटचा सुपरक्रिटिकल, म्हणजे जास्त दाबाच्या वाफेवर चालणारा, संच उभा राहिला. सर्वांत जुना संच निवृत्त झाला आहे.

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचं सौर केंद्र आहे आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच आहे. नंदुरबारमध्ये कोळशाचं मोठं केंद्र नाही, पण दुसऱ्या राज्यातल्या केंद्रांसाठी या जिल्ह्यातली गावं बुडाली. ती गोष्ट प्रश्न १२ मध्ये.

२. एका संचाला रोज किती कोळसा लागतो? माझ्या घरच्या बिलाशी त्याचा काय संबंध?

५०० मेगावॉटचा संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे दिवसाला सुमारे ७,८०० टन, मालगाडीचे दोन भरलेले रेक. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के असतं. ३५ टक्के धरले तरी या एका संचातून रोज २,७०० टनांच्या आसपास राख निघते. जळालेल्या शंभर भाग उष्णतेतल्या पस्तीस-सदतीस भागांचीच वीज होते. सुपरक्रिटिकल संचात हे प्रमाण चाळीसच्या आसपास जातं. बाकीची उष्णता कूलिंग टॉवर आणि चिमणीतून आपल्याच हवेत जाते, आणि मे महिन्यात तर आपल्याकडे पारा आधीच ४५ च्या पुढे असतो.

आता घराचा हिशेब. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरामागे ६५ किलो कोळसा जळतो, वीस-बावीस किलो राख उरते आणि नियमाच्या कमाल मर्यादेने ३५० लिटर पाणी खर्च होतं. मुंबईच्या एखाद्या फ्लॅटची ही वीस किलो राख दर महिन्याला वेल्हाळ्याच्या शिवारात, दीपनगरच्या राखेच्या तलावात येऊन पडते, असं मी बैठकीत सांगतो तेव्हा लोक एकदम गप्प होतात.

३. सकाळी अंगणात, गाडीच्या काचेवर राख दिसते. ती चिमणीची की तलावाची?

दोन्हीकडची असू शकते. वेळ आणि ऋतू पाहिले तर बराच अंदाज येतो.

चिमणीच्या आधी इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर असतो. लोक त्याला नुसतं ‘ईएसपी’ म्हणतात. विजेच्या भाराने तो धुरातली राख ओढून घेतो, आणि नीट चालला तर ९९ टक्क्यांहून जास्त राख अडते. पण वरच्या हिशेबातल्या संचातून उडणारी राख रोज दोन हजार टनांच्या घरात असते. त्यातला अर्धा टक्का जरी सुटला तरी दहा टन होतात. ही राख फार बारीक असते आणि लांबवर पसरते. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत दबून राहते, तेव्हा ती खाली राहते.

दुसरी वाट राखेच्या तलावाची. राख पाण्यात कालवून पाइपाने तलावात सोडतात. जोवर वर पाणी आहे तोवर ती उडत नाही. फेब्रुवारीपासून पाणी आटतं, वरचा थर वाळतो, आणि मार्च-एप्रिलच्या वावटळीत पांढरा लोट उठतो. दुपारी, वारा तलावाच्या बाजूने असताना राख पडत असेल तर ती बहुतेक तलावाची. तिसरी वाट रस्त्याची. ताडपत्री न बांधलेल्या डंपरमधून आणि गळक्या बल्करमधून राख सांडते, मग प्रत्येक गाडीच्या चाकामागे उडत राहते.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण तीनही वाटांचे इलाज वेगळे आहेत. चिमणीसाठी धूलिकणांच्या मोजणीची नोंद मागावी लागते. तलावासाठी पाण्याचा थर किंवा तुषार सिंचन आणि भरलेल्या भागावर माती व झाडं लागतात. रस्त्यासाठी झाकलेल्या गाड्या आणि पाणी मारणं. तक्रारीत नुसतं ‘राखेचा त्रास’ लिहिलं की तिन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. महिनाभर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा वहीत टिपून ठेवा आणि ती वही अर्जाला जोडा.

४. या राखेने आजार होतात का? डॉक्टर तर ‘धुळीची ॲलर्जी’ एवढंच सांगतात.

राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं. शिवाय आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, पारा यांचे अंश असतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोल जातात आणि दमा, खोकला, हृदयविकार यांचा धोका वाढवतात. हे जगभर मान्य आहे. पण एका माणसाचा दमा अमुकच चिमणीमुळे झाला, असं कुठलाही डॉक्टर छातीठोक लिहून देणार नाही, कारण त्याच माणसाच्या श्वासात चुलीचा धूर, बिडी आणि ट्रॅक्टरचं डिझेलही गेलेलं असतं. म्हणून एकट्याच्या कागदाने प्रकरण उभं राहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतून गावातल्या श्वसनाच्या रुग्णांचे महिनावार आकडे मागितले, तर ते पुढे चालतं.

घरापुरतं सांगायचं तर झाडू मारण्याआधी पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसा. वावटळीच्या दुपारी लहान मुलं आणि दमेकरी घरात असू द्या. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही, त्यासाठी एन-९५ मास्क लागतो.

५. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय. थर्मलमुळेच झालं हे कसं ओळखायचं?

चवीवरून ओळखता येत नाही. खानदेशात खोल बोअरचं पाणी असंही क्षारयुक्त लागतं. राखेतून झिरपणाऱ्या पाण्यात सल्फेट आणि बोरॉन सहसा आधी वाढतात. म्हणून तपासणीला नमुना देताना फक्त ‘पिण्यायोग्य आहे का’ असं न विचारता सल्फेट, बोरॉन, फ्लोराइड, आर्सेनिक आणि एकूण विरघळलेले क्षार यांचे आकडे मागा. एकाच दिवशी तीन नमुने घ्या : तलावाच्या उताराकडच्या विहिरीचा, चढाकडच्या विहिरीचा आणि लांबच्या गावातल्या एखाद्या विहिरीचा. एकाच विहिरीचा आकडा कितीही वाईट असला तरी समोरचा माणूस ‘इथलं पाणी मुळातच असं’ म्हणून मोकळा होतो. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की हे उत्तर त्याला पुरत नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा करा.

६. राख शेतात टाकली तर जमीन भुसभुशीत होते म्हणतात. टाकावी का?

भारी काळ्या जमिनीत थोडी राख मिसळली तर तिचा चिकटपणा कमी होतो, हे खरं. थोडं कॅल्शियम, थोडं पोटॅश मिळतं. नत्र अजिबात नाही. पण बोरॉन जास्त झालं तर पिकाची पानं कडेने करपतात, आणि जड धातू जमिनीत साचत गेले तर ते काढता येत नाहीत. माती आणि राख दोन्हींची तपासणी करून कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने मोजून टाकणं वेगळं, आणि कंत्राटदाराने फुकट आणून ओतलेले दहा डंपर बांधावर पसरवणं वेगळं. दुसरा प्रकार मी कुणालाही करू देणार नाही. केळीच्या किंवा कपाशीच्या पानावर उडून बसणारी राख तर खत नव्हेच. ती पानावर पडणारा उजेड अडवते.

७. विटा होतात, सिमेंट होतं, तरी राखेचे डोंगर का उरतात?

कारण राख दोन प्रकारची असते. ईएसपीखाली जमणारी कोरडी, पिठासारखी राख सिमेंट कारखान्यांना हवी असते. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते. भट्टीच्या तळाची जाड राख आणि तलावात गेलेली ओली राख कुणी सहजी उचलत नाही. ती भरावात, रस्त्यांत, विटांत जाते, पण वाहतुकीचा खर्च राखेच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

नियम कडक आहेत. पहिली अधिसूचना १९९९ ची. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा १०० टक्के वापर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरवली. केंद्राने दरवर्षी किती राख तयार झाली, किती दिली, किती उरली याचा हिशेब द्यायचा असतो. ग्रामपंचायतीने माहिती अधिकारात हा हिशेब मागावा. मागच्या वर्षीचा एक आकडा हातात असणं दहा निवेदनांपेक्षा उपयोगी पडतं.

८. थर्मल तापीचं किती पाणी घेतं? उन्हाळ्यात आमचं आवर्तन त्यामुळेच लांबतं का?

दीपनगरला पाणी हतनूर धरणातून मिळतं. २०१५ च्या नियमानुसार कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांनी एका मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. या मर्यादेने ५०० चे दोन संच दिवसभर पूर्ण भाराने चालले, तर रोज ८ कोटी ४० लाख लिटर. माणशी ५५ लिटरच्या ग्रामीण निकषाने हे १५ लाख लोकांचं रोजचं पाणी झालं. यातलं बहुतेक वाफ होऊन उडतं, नदीत परत येत नाही.

आवर्तन फक्त यामुळे लांबतं असं मात्र म्हणता येणार नाही. हतनूरचा मोठा आजार गाळ आहे. चांगदेवला तापीला पूर्णा मिळते आणि दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ धरणात बसतो. ४१ दरवाज्यांचं हे धरण पावसाळ्यात भराभर सोडावं लागतं आणि उन्हाळ्यात रिकामं वाटतं. साठवण घटत गेली, वाटेकरी मात्र वाढले : शेती, भुसावळची पाणीपुरवठा योजना, रेल्वे, आयुध निर्माणी आणि वीजकेंद्र. टंचाईत आधी पिण्याचं पाणी, ते बरोबरच आहे. पण कालव्याच्या टोकाचा शेतकरी आणि केंद्र यांच्यात कात्री लागते तेव्हा ती आधी शेतकऱ्याच्या आवर्तनाला लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. केंद्राने शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरावं, ही मागणी रास्त आहे. तशी केंद्र सरकारची धोरणात्मक सक्तीही आहे, ज्या वीजकेंद्राच्या ५० किलोमीटरमध्ये सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असेल त्याच्यासाठी.

९. चिमण्या आमच्या दारात, तरी आमच्याकडे लाइट का जाते?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यातला राग अगदी योग्य आहे.

केंद्रातली वीज थेट गावात येत नाही. ती ४०० किंवा २२० केव्हीच्या उच्चदाब वाहिनीवर चढून राज्याच्या जाळ्यात जाते. गावाला लागणारी वीज त्याच जाळ्यातून सबस्टेशन, मग ११ केव्हीचा फीडर, मग डीपी अशी उतरत येते. भुसावळच्या माणसाला हे चटकन कळतं. गावाशेजारून राजधानी धडधडत जाते, पण थांबा नसेल तर गावकऱ्याला तिचा फक्त आवाज ऐकू येतो. डीपी जळाली, फीडर ओव्हरलोड झाला किंवा तार तुटली तर चिमणी कितीही जवळ असली तरी घरात अंधार होतो. भारनियमनाच्या काळात महावितरणने फीडरची वर्गवारी गळती आणि वसुलीवर केली होती. केंद्रासाठी जमीन दिली का, हा निकष त्यात नव्हता.

शेतीचं दुखणं वेगळं. कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज मिळण्याची पद्धत राहिली. यावल-रावेरच्या केळीबागेत जानेवारीच्या थंडीत, बिबट्याच्या भीतीत मध्यरात्री बारे द्यायला जाणारा माणूस विचारतो की एवढी वीज तयार होते ती दिवसा कुणाला जाते. त्याला द्यायला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. ही अडचण कमी करू शकणारा एक मार्ग प्रश्न १३ च्या शेवटी आहे.

१०. संच बंद असतानाही बिलात त्याचे पैसे लागतात, हे खरं आहे का?

खरं आहे. केंद्राच्या विजेचा दर दोन भागांत असतो. एक स्थिर आकार, म्हणजे कर्जाचे हप्ते, व्याज, पगार, देखभाल. दुसरा ऊर्जा आकार, म्हणजे मुख्यतः कोळसा. संच चालायला तयार असेल तर वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावा लागतो.

कोणता संच चालवायचा हे रोज ठरतं, ज्याचा ऊर्जा आकार कमी तो आधी. इथं दीपनगरचं भौगोलिक दुबळेपण दिसतं. कोळसा विदर्भातून आणि त्याहूनही लांबून रेल्वेने येतो, त्यामुळे वाहतुकीचा खर्च चढतो. खाणीच्या तोंडाशी असलेलं केंद्र स्वस्त पडतं. मागणी घटली की महाग संच आधी थांबवतात. मोठ्या केंद्राचा हा फारसा न बोलला जाणारा तोटा आहे : मागणीचा अंदाज चुकला तर हजारो कोटींचं यंत्र उभं राहतं आणि त्याचे हप्ते पंचवीस वर्षं ग्राहकाच्या बिलातून जातात. लहान केंद्रात चूक लहान राहते.

११. एवढा मोठा संच अचानक बंद पडला तर काय होतं?

जाळ्यातून एका क्षणात ५००-६६० मेगावॉट गायब होतात. तेवढी वीज दुसरीकडून लगेच वाढली नाही तर वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली घसरते आणि यंत्रणा वाचवण्यासाठी काही भागांचा पुरवठा आपोआप तुटतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्येकडची जाळी कोसळली तेव्हा ६० कोटींहून अधिक लोक अंधारात गेले होते. त्याची सुरुवात केंद्रातून नव्हे, ओव्हरलोड झालेल्या वाहिन्यांतून झाली. आपलं पश्चिम जाळं त्यातून वाचलं. मोजक्या मोठ्या ठिकाणी निर्मिती आणि मोजक्या जाड तारांवर वाहतूक असली की एक बिघाड किती लांब पोचतो, हे त्या दोन दिवसांत दिसलं.

१२. मग धरणाची वीज बरी ना? तिला ना धूर, ना राख.

धूर-राख नाही, हे खरं. पण हा प्रश्न धडगावात कुणी विचारत नाही.

सरदार सरोवराची वीजक्षमता १,४५० मेगावॉट. त्यात महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. या प्रकल्पात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली आणि ती सगळी नंदुरबारच्या अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, भिल-पावरा लोकांची. मणिबेली त्यातलं पहिलं. १९७९ च्या लवाद निवाड्याने जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन ठरवली होती. तळोद्याजवळ सोमावल, रोझवा अशा वसाहती वसल्या. पहाडातल्या माणसाला पाच एकर सपाट जमीन मिळाली, पण नदी, मासे, मोहाची झाडं, डोंगरावरचा चारा, गावाची देवस्थानं कुठल्याही सातबाऱ्यावर नव्हती. ती मोजलीच गेली नाहीत. त्याआधी १९७२ च्या उकाई धरणानेही नवापूरकडच्या गावांना हेच दाखवलं होतं.

एक गोष्ट मला विसरता येत नाही. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून, केरळमधल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. धबधब्याच्या पाण्यावर पाड्यांत पहिल्यांदा दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात तो प्रकल्प सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेला.

१३. सौर आणि पवन केंद्रांना तरी तोटे नसतील?

हवेचे आणि राखेचे नाहीत, आणि हा फरक फार मोठा आहे. कोळशाशी त्यांची बरोबरी करणं मला पटत नाही. पण आकार मोठा झाला की जमिनीचा प्रश्न तसाच येतो. एका मेगावॉट सौर विजेला चार-पाच एकर लागतात, म्हणजे १०० मेगावॉटला चारशे ते पाचशे एकर कुंपणाआड. ‘पडीक’ म्हणून दाखवलेली जमीन बहुतेकदा मेंढपाळांची चराई किंवा गावाचं गायरान असतं. साक्रीच्या डोंगरपट्ट्यात पवनचक्क्यांच्या रस्त्यांसाठी आणि जागेसाठी वनजमीन लागली, आणि त्याच जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींचे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे पडून होते.

शिवाय एक गोम आहे. सौर आणि पवन केंद्रांना २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतून वगळलं आहे, त्यामुळे प्रश्न १६ मधली जनसुनावणी त्यांच्यासाठी होत नाही. गावाने ग्रामसभेच्या ठरावातूनच बोलावं लागतं.

तुलनेने बरा मार्ग म्हणजे सबस्टेशनजवळची छोटी सौर केंद्रं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेताना हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठेवला आहे. जमीन मालकाच्या नावावर राहते आणि वीज त्याच फीडरवरच्या पंपांना दिवसा मिळते. करार सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. मुदत संपल्यावर पाया आणि पॅनल कोण उचलणार, हे कलम त्यात असलंच पाहिजे.

१४. चिमणीतून गंधक काढायचं यंत्र बसणार होतं. त्याचं काय झालं?

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने गंधक वायूच्या मर्यादा ठरवल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. त्यासाठी एफजीडी यंत्रणा लागते. मुदत पुन्हा पुन्हा वाढली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तर मोठ्या शहरांपासून आणि प्रदूषित पट्ट्यांपासून लांब असलेल्या, म्हणजे देशातल्या बहुसंख्य संचांना चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर सूट दिली. कारण असं दिलं की भारतीय कोळशात गंधक कमी असतं. ते खरं आहे, पण जळणारा कोळसा प्रचंड आहे, आणि गंधक वायूचे हवेत पुन्हा बारीक कण होतात. उंच चिमणी प्रदूषण कमी करत नाही, लांब नेऊन टाकते. शहरापासून अमुक किलोमीटर लांब राहणाऱ्या माणसाचं फुप्फुस वेगळं कसं धरायचं, हे मला समजलेलं नाही. धूलिकणांच्या मर्यादा मात्र सूट मिळालेल्यांनाही लागू आहेत.

१५. जमीन गेली, मोबदला कमी मिळाला. आता काही करता येतं का? आणि प्रकल्प उभाच राहिला नाही तर जमीन परत मिळते का?

हे दोन प्रश्न नेहमी जोडून येतात, म्हणून एकत्र.

१ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा भूसंपादन कायदा लागू आहे. निवाडा मान्य नसेल तर कलम ६४ खाली मोबदला वाढवून मागता येतो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत, नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतली आधी संपेल ती मुदत. सगळ्यांत जास्त चूक पुढच्या गोष्टीत होते : रक्कम उचलताना ‘हरकत राखून’ असं लेखी नोंदवलं नसेल, तर पुढे हा अर्ज करता येत नाही. विहीर, झाडं, पाइपलाइन, गोठा यांचं मूल्यांकन वेगळं होतं. संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा, फोटो काढा, पंचनाम्याची प्रत घ्या. थेट खरेदीने जमीन दिली असेल, तर ती संमतीची विक्री. तिथे हा मार्ग बंद.

परत मिळण्याबद्दल. २०१३ च्या कायद्याखाली संपादित जमीन ताबा घेतल्यापासून पाच वर्षं वापरली नाही, तर कलम १०१ प्रमाणे ती मूळ मालकाला किंवा शासनाच्या जमीन बँकेत जाते. हा ‘किंवा’ फार महाग आहे. निवड आपल्या हातात नसते. १८९४ च्या जुन्या कायद्याखालच्या संपादनाला हे कलम लागत नाही. तिथे २०१३ च्या कायद्यातल्या कलम २४(२) चा आधार घेत, पण मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन रद्द ठरतं.

दोंडाईचाजवळ विखरण परिसरात ६६० मेगावॉटच्या पाच संचांचं औष्णिक केंद्र होणार म्हणून जमिनी घेतल्या गेल्या. ते केंद्र उभं राहिलंच नाही, जागा सौर प्रकल्पाकडे वळली. शेजारच्यांच्या मानाने आपल्याला नगण्य मोबदला मिळाला, ही तक्रार घेऊन तिथले एक ८४ वर्षांचे शेतकरी वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयातच टोकाचं पाऊल उचललं आणि काही दिवसांनी त्यांचं निधन झालं. मोजणीच्या दिवशी घरी थांबू नका, असं मी जिथे जातो तिथे सांगतो, ते त्यांच्यामुळे.

१६. जनसुनावणीत बोलून काही होतं का? सगळं आधीच ठरलेलं असतं ना?

बोलण्याने परवानगी थांबेलच असं नाही. पण अटी बदलतात, आणि नोंद झालेली हरकत पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात उपयोगी पडते. सुनावणीची किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, पर्यावरण आघात अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो, आणि जाता आलं नाही तर लेखी म्हणणं पाठवता येतं. विस्ताराच्या प्रकल्पातही हे मागा. भाषण करू नका, प्रश्न विचारा. राख कुठल्या गटात टाकणार? त्या गटाच्या उताराला किती विहिरी? मेमध्ये पाणी कुठून? मागच्या परवानगीतल्या अटींपैकी किती पाळल्या? इतिवृत्त तिथेच वाचून दाखवण्याची तरतूद आहे. आपला मुद्दा सुटला असेल तर जागेवरच सांगा.

१७. नोकरीचं आश्वासन होतं. पोराला कंत्राटदाराकडे लावलं. हे चालतं का?

प्रकल्पग्रस्त दाखल्यावर शासकीय भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ती हमखास नोकरी नव्हे, स्पर्धेतली राखीव जागा आहे. एका दाखल्यावर घरातला एकच जण. दाखला कुणाच्या नावावर, यावरून भावाभावांत वैर झालेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून नामनिर्देशन लेखी संमतीने करा. कंत्राटी कामाने हा हक्क संपत नाही. मोठं केंद्र उभं राहताना हजारो हात लागतात, चालवायला मात्र थोडेच, आणि तेही आयटीआय किंवा डिप्लोमा झालेले. राख उचलण्याचं, कोळसा झाडण्याचं काम गावाच्या वाट्याला येतं. पोराला कंत्राटावर लावण्याआधी भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि सुरक्षा साधनं मागून घ्या.

१८. जुना संच कायमचा बंद झाला की त्रास संपतो ना?

धूर थांबतो. राख तिथेच राहते. तलावात साठलेली जुनी राख दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने वापरून संपवायची, असं २०२१ ची अधिसूचना सांगते. मात्र तलाव स्थिर करून त्यावर हिरवळ वा झाडं वाढवली असतील तर त्याला अपवाद मिळतो. म्हणून ‘हिरवळ केली’ असं कागदावर आलं की गावाने जाऊन बघावं. नुसतं वर गवत उगवलंय की खाली मातीचा थर आहे, झिरपा अडवायला काही केलंय का, आणि उताराच्या विहिरींची तपासणी (प्रश्न ५) चालू आहे का. फावड्याने एक फूट खणलं तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.